'याला जमेल का?' या प्रश्नाचं उत्तर

केळापूरचा एखादा बाप बौद्धिक अक्षमता असलेल्या आपल्या मुलाला पांढरकवड्यातल्या कराटे क्लासवर घेऊन गेला, तर सर काय म्हणतील? तोंडावर 'नाही' बहुधा कोणी म्हणत नाही. 'बघू', 'थोडा मोठा होऊ द्या', 'लागलं-बिगलं तर जबाबदारी कोणाची?' अशी उत्तरं येतात. यातलं शेवटचं उत्तर मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतं, कारण त्यात भीती उघड बोललेली असते. आणि उघड बोललेल्या भीतीवर उपाय शोधता येतो.

ही भीती तालुक्याच्या गावापुरती नाही. युनिस केनेडी श्रायव्हर यांनी 1968 साली शिकागोत स्पेशल ऑलिम्पिक्स सुरू केलं, ते बौद्धिक अक्षमता असलेल्यांना मैदान मिळावं म्हणूनच. पण त्याच संघटनेने मुष्टियुद्ध, आणि ज्यूदो सोडून बाकीच्या सगळ्या मार्शल आर्ट्स, वर्षानुवर्षं आपल्या स्पर्धांबाहेर ठेवल्या. ज्यूदोला आत घेतलं, तेही गळा आवळण्याचे आणि हाताला पीळ देण्याचे डाव काढून टाकून. जी संघटना या मुलांसाठीच जन्मली तीही इतकी बिचकली, तर एकट्या क्लासवाल्या सरांना काय दोष द्यायचा?

भीतीत तथ्यही आहे. डाऊन सिंड्रोममध्ये 21 व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. अशा मुलांचे स्नायू आणि सांधे सैल असतात, आणि काहींच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधली पकडही ढिली असते. डोक्यावर भार पडला किंवा मान झटक्याने वाकली, तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. म्हणून डॉक्टरांना मान दाखवायची आणि कोलांटउड्या वगळायच्या. पण बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रत्येक मुलाला डाऊन सिंड्रोम नसतो, आणि ज्याला असतो त्याचाही प्रत्येक डाव बंद होत नाही. धोका कुठे आहे हे नेमकं कळलं की सुरक्षित जागा किती मोठी आहे तेही दिसतं.

आता त्या सुरक्षित जागेत काय घडू शकतं ते पाहू. इथे मेंदूची एक गोष्ट मला दर वेळी नव्याने चकित करते.

1953 साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणावर फेफऱ्यासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर नवं काही त्याच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. आरशात हात उलटा दिसतो, त्यामुळे सुरुवातीला कोणाचीही रेघ भरकटते. तीन दिवसांच्या सरावात मोलेसनचा हात सफाईने चालू लागला. हे काम आपण आधी कधी केलंय, हे मात्र त्याला आठवत नव्हतं. हाताला आलं होतं, माणसाला माहीत नव्हतं! 'काय' ते लक्षात ठेवणं आणि 'कसं' ते अंगवळणी पडणं, या दोन गोष्टी मेंदू वेगवेगळ्या वाटांनी करतो.

मोलेसनची अवस्था वेगळी होती, त्याला बौद्धिक अक्षमता नव्हती. पण डाऊन सिंड्रोमच्या अभ्यासांतही असंच काही दिसत आलं आहे: शब्दांनी सांगितलेलं टिकवणं जड जातं, करून करून शिकण्याची वाट त्यामानाने शाबूत असते. आणि तालीम तर करून करूनच शिकवते. जोर, बैठका, लेझीमचे हात, दांडपट्ट्याचे पवित्रे यांपैकी कोणती गोष्ट फळ्यावर लिहून आली आहे?

कराटेतली 'हेइआन शोदान' ही काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, घ्या. शोतोकान पद्धतीत तिच्या 21 हालचाली आहेत. डावीकडे वळायचं, खाली अडवायचं, एक पाऊल पुढे टाकून ठोसा मारायचा. मग मागे फिरून उजव्या हाताने तसंच अडवायचं. पुढे समोर सरकत वरचा बचाव तीनदा, आणि तिसऱ्याला 'कियाई', म्हणजे मोठ्याने आरोळी. समोर प्रतिस्पर्धी नाही, घाई नाही, क्रम कधी बदलत नाही, आणि जिथून सुरुवात केली तिथेच येऊन थांबायचं. ज्या मुलाला रोजचं अनपेक्षित जग गोंधळवतं, त्याच्यासाठी याहून चांगली रचना मुद्दाम बसून आखली असती तरी सुचली नसती. जागतिक कराटे महासंघाने हे ओळखलं. 2014 च्या ब्रेमेन स्पर्धेत बौद्धिक अक्षमता असलेले खेळाडू काता करायला उतरले.

मग शिक्षकाचं मन वळतं कशाने? अमेरिकेत टेरी रिझो यांनी 1980 च्या दशकापासून शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांची अशा मुलांना शिकवण्याबद्दलची वृत्ती मोजायला सुरुवात केली. त्यांच्या आणि पुढच्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हापुन्हा आली: ज्याने अशी मुलं आधी शिकवली आहेत आणि ज्याला 'हे मला येतं' असं वाटतं, तो पुढच्या मुलाला आनंदाने घेतो. मला यात मोठी आशा दिसते. चांगुलपणा जन्माने मिळत असेल-नसेल, पण अनुभव मिळवता येतो, आणि त्याची सुरुवात एका विद्यार्थ्यापासून होते.

आपल्या विदर्भात तर आखाडा आणि ही मुलं यांना जोडणारा धागा फार जवळ आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी 1914 साली उभं केलं. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तिथे देशी खेळ दाखवले. त्याच जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस मतिमंद, मूकबधिर मुलांसाठी घर उभारलं. त्या बालगृहाला नाव आहे अंबादासपंत वैद्यांचं. आखाडा उभारणाऱ्या माणसाचं नाव या मुलांच्या दारावर आहे! शंकरबाबांना 2024 साली पद्मश्री मिळाली. त्याच यादीत दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे होते, ज्यांनी मल्लखांब अंध आणि इतर दिव्यांग मुलांपर्यंत नेला. ज्यांना दिसत नाही ती मुलं खांबावर चढतात, हे ज्या महाराष्ट्राने पाहिलंय, त्याने 'याला जमेल का' हा प्रश्न जपून विचारायला हवा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने खेळातला सहभाग ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे. पण क्लासच्या दारात सरकार उभं नसतं, सर उभे असतात.

तेव्हा केळापूर-पांढरकवड्यात आणि अशा प्रत्येक गावात क्लास, तालीम, लेझीमपथक चालवणाऱ्यांना विनंती आहे. असा मुलगा आला तर आधी त्याच्या मानेबद्दल आणि फिट्सबद्दल डॉक्टरांचं मत मागा. सूचना छोटी द्या, आणि स्वतः करून दाखवा. पहिले काही महिने एक दादा किंवा ताई त्याच्या शेजारी उभी करा. झुंज नंतर बघू. आधी त्याला रांगेत जागा द्या.