पिस्तूल प्रशिक्षणाचा वर्ग निवडताना: स्वस्त कोणता आणि महाग कोणता?

(शब्बाथ संपल्यावर, हवदालानंतर, आपल्या प्रार्थनालयाच्या सभागृहात सुरक्षा समितीच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचे हे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन आहे. अखेरीस श्रोत्यांचे दोन प्रश्न दिले आहेत.)



आजचा विषय आपल्या या सभागृहाला नवा आहे. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी शब्बाथच्या सकाळी पिट्सबर्गच्या 'ट्री ऑफ लाइफ' सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला आलेल्या अकरा जणांची हत्या झाली. पुढच्याच वर्षी पेसाहच्या शेवटच्या दिवशी कॅलिफोर्नियातील पोवे येथे सिनेगॉगमध्ये एका भगिनीचा बळी गेला. तेव्हापासून आपली तरुण मंडळी मला वारंवार विचारतात, "काका, कपड्यांआड पिस्तूल बाळगण्याचा परवाना काढावा म्हणतो. परवडेल असा वर्ग कोणता?"

परवाना काढावा की न काढावा, हा ज्याच्या त्याच्या घरातला निर्णय आहे. तो मी कोणावर लादणार नाही. परंतु ज्यांनी तो निर्णय घेतला आहे त्यांनी वर्ग कसा निवडावा, हे मात्र मला सांगितलेच पाहिजे. कारण मी स्वतः प्रथम चुकीचा वर्ग निवडला होता.

आधी कायदा समजून घेऊ. न्यूयॉर्क राज्यात पूर्वी असा परवाना मागणाऱ्याला विशेष कारण दाखवावे लागे. २३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द ठरवली. त्यानंतर राज्याने नवा कायदा केला आणि तो १ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आला. या कायद्यानुसार अर्जदाराने किमान सोळा तास वर्गात प्रत्यक्ष बसून शिकले पाहिजे आणि त्याखेरीज दोन तास फायरिंग रेंजवर प्रत्यक्ष गोळी झाडण्याचा सराव केला पाहिजे. लेखी परीक्षेत किमान ८० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. घरबसल्या संगणकावर पूर्ण होणारा वर्ग येथे ग्राह्य नाही. "एका दिवसात अनेक राज्यांत चालणारा परवाना" अशा जाहिराती आपण पाहतो. न्यूयॉर्क दुसऱ्या कोणत्याही राज्याचा परवाना मानत नाही, म्हणून येथे राहणाऱ्याने त्यावर खर्च केलेले पैसे येथल्यापुरते पाण्यात गेले असे समजावे.

आता माझी गोष्ट सांगतो. मी सर्वांत कमी फीचा वर्ग शोधून काढला होता. आम्ही तीसएक शिकाऊ आणि प्रशिक्षक एकच. रेंजवरचे दोन तास बहुतांशी रांगेत उभे राहण्यात गेले. माझ्या वाट्याला जेमतेम दहा काडतुसे आली. माझ्या शेजारच्या गृहस्थांच्या पिस्तुलात काडतूस अडकले. काय करावे हे विचारण्यासाठी ते पिस्तूल हातात तसेच धरून मागे वळले आणि त्या नळीचे तोंड माझ्या पोटावरून फिरले. प्रशिक्षक दुसऱ्या टोकाला होते. तेथूनच ते ओरडले. कोणाला इजा झाली नाही, ही परमेश्वराची कृपा. संध्याकाळी आम्हा दोघांच्याही हाती उत्तीर्ण झाल्याचा दाखला होता! त्या रात्री मला झोप आली नाही. पुढे मी दुसऱ्या ठिकाणी पुन्हा पूर्ण फी भरून शिकलो. स्वस्तातले महागात पडते ते असे.

म्हणून पहिला हिशेब पैशांचा करावा, पण तो पूर्ण करावा. जाहिरातीतल्या फीमध्ये काय धरले आहे आणि काय धरलेले नाही, हे लेखी विचारून घ्यावे. परवाना हाती येण्यापूर्वी आपल्याकडे स्वतःचे पिस्तूल नसते, तेव्हा शिकण्यासाठी लागणारे पिस्तूल वर्गानेच द्यावे लागते. त्याचे भाडे, काडतुसे, रेंजचे शुल्क, कानांचे व डोळ्यांचे संरक्षण, आणि परीक्षा पुन्हा द्यावी लागल्यास तिचे शुल्क, हे सारे फीमध्ये आहे का? कमी फीच्या वर्गात हेच खर्च मागाहून एकेक करून निघतात आणि बेरीज महाग दिसणाऱ्या वर्गाच्याही पुढे जाते. परवान्याचा खर्च वेगळा. न्यूयॉर्क शहरात अर्जाचे शुल्क ३४० डॉलर आहे. बोटांचे ठसे देण्याचे शुल्क त्याशिवाय. परवाना तीन वर्षांचा असतो. घरात कुलूपबंद पेटी हवी, पिस्तुलासाठी योग्य होल्स्टर हवे आणि पुढे नियमित सराव हवा. एवढे मिळून परवडत नसेल, तर नुसता वर्ग परवडून उपयोग नाही.

दुसरा हिशेब प्रशिक्षकाच्या नजरेचा. फायरिंग लाइनवर एका प्रशिक्षकामागे किती जण असतात, असे विचारा. माझ्या मते नवख्यांसाठी चारपेक्षा अधिक असू नयेत. प्रत्येकाला किती काडतुसे झाडायला मिळतात, तेही विचारा. प्रत्येक पिस्तूल भरलेलेच आहे असे मानणे, ज्याला इजा करायची नाही त्याच्याकडे नळी कधीही न वळवणे, नेम धरून निर्णय होईपर्यंत बोट चापावर न ठेवणे, आणि लक्ष्य व लक्ष्यामागे काय आहे हे ओळखणे, हे चार नियम कोणीही दोन मिनिटांत पाठ करील. ते हाताच्या अंगवळणी पडतात ते मात्र कोणी चूक तत्क्षणी दुरुस्त केली तरच. आपण पैसे मोजतो ते त्या दुरुस्तीसाठी. शक्य असल्यास फी भरण्यापूर्वी रेंजवर जाऊन एक तास नुसते पाहत बसावे. प्रशिक्षक अधिकृत आहे का, त्याच्या दाखल्याला परवाना कार्यालय मान्यता देते का, याचीही खात्री करून घ्यावी.

तिसरा हिशेब मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या सोळा तासांत काय शिकवतात? कायद्याने विषय नेमून दिले आहेत: सुरक्षित साठवण, भांडण शांत करणे, पोलिसांशी कसे वागावे, शस्त्र कोठे नेण्यास मनाई आहे, प्राणघातक बळ केव्हा वापरता येते, आणि आत्महत्येचा प्रतिबंध. काही वर्ग हे विषय भराभर उरकून पिस्तुलांच्या गप्पांत वेळ घालवतात. असा वर्ग टाळावा. या राज्यात घराबाहेर पूर्ण सुरक्षितपणे माघार घेता येत असेल, तर प्राणघातक बळ वापरण्यापूर्वी माघार घेणे बंधनकारक आहे. आपल्याला हे परके वाटू नये. जिवावर उठलेल्या माणसाला, म्हणजे रोदेफला, जखमी करून थांबवता येत असताना ठार मारू नये, असे आपल्या ऋषितुल्य रब्बींनीही सांगून ठेवले आहे.

आत्महत्येचा विषय निघाला की वर्गात लोक घड्याळाकडे पाहतात. अमेरिकेत बंदुकीमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. पिस्तूल घरात येते तेव्हा ते केवळ चोराच्या वाटेत येत नाही. खचलेल्या मुलाच्या, एकाकी आजोबांच्याही वाटेत येते. अठरा वर्षांखालील कोणी घरात राहत असेल तर शस्त्र कुलुपात ठेवणे कायद्याने सक्तीचे आहे. माझे म्हणणे असे की मुले नसली तरी ठेवावे.

एक गोष्ट आपल्यासाठी खास. अनेक वर्ग शनिवार-रविवार मिळून अठरा तास पूर्ण करतात. आपला शनिवार मोकळा नसतो. दोन रविवारी किंवा आठवड्यातील संध्याकाळी शिकवणारे वर्ग आहेत का, ते आधी विचारावे. फी भरल्यावर शब्बाथ आठवून पैसे परत मागण्याची वेळ येऊ नये. पाच-सहा कुटुंबे एकत्र आली तर वेगळी वेळ आणि कदाचित कमी दरही मागता येईल.

शेवटी एक विनंती. १५ जानेवारी २०२२ रोजी टेक्सासमधील कॉलिव्हिलच्या सिनेगॉगमध्ये रब्बींसह चौघांना ओलीस धरले होते. सुमारे अकरा तासांनी रब्बींनी बंदूकधाऱ्यावर खुर्ची फेकली आणि उरलेले सारे बाहेर निसटले. त्यांच्यापाशी पिस्तूल नव्हते. आधी घेतलेले सुरक्षा प्रशिक्षण उपयोगी पडले, असे त्यांनी नंतर सांगितले. असे प्रशिक्षण, तसेच रक्तस्राव थांबवण्याचे 'स्टॉप द ब्लीड' शिक्षण, पुष्कळ ठिकाणी विनामूल्य मिळते. प्रत्येक घरातून एकाने तरी ते आधी घ्यावे. पिस्तुलाचा विचार त्यानंतर.

श्रोत्यांचे प्रश्न

एक भगिनी: माझी सून न्यू जर्सीत राहते. तिने येथला वर्ग केला तर तेथे चालेल का?

उत्तर: नाही, ताई. न्यू जर्सीचे प्रशिक्षण आणि परवाना स्वतंत्र आहेत. येथला परवाना तेथे चालत नाही. पिस्तूल घेऊन पूल ओलांडला तर परवानाधारकसुद्धा गुन्हेगार ठरू शकतो. तिने तेथलाच वर्ग निवडावा.

एक ज्येष्ठ गृहस्थ: मी सबवेने प्रार्थनेला येतो. परवाना मिळाला तर पिस्तूल बरोबर आणता येईल ना?

उत्तर: नाही, काका. सबवे आणि बस या दोन्हींत परवानाधारकालाही मनाई आहे. प्रार्थनास्थळातही सर्वसाधारणपणे मनाई आहे. २०२३ मधील दुरुस्तीने सूट दिली ती तेथल्या सुरक्षेची जबाबदारी असलेल्यांनाच. ती जबाबदारी कोणाकडे, हे आपले व्यवस्थापन मंडळ ठरवील. कोणीही स्वतःच्या मनाने शस्त्र घेऊन येऊ नये. या नियमांवर न्यायालयांत वाद चालत आले आहेत, म्हणून वर्गात दिलेली माहिती ताजी आहे का, हेही प्रशिक्षकाला विचारावे. शब्बाथच्या दिवशी शस्त्र जवळ बाळगण्याविषयीचा धार्मिक निर्णय मात्र रब्बींकडूनच घ्यावा. तो माझा अधिकार नव्हे.

शालोम.