यंत्र तयार आहे, माणूस का येत नाही?

अंधूक उजेडात घेतलेले छायाचित्र तुम्ही पाहिले असेल. ते कसे दाणेदार दिसते! प्रकाश कमी पडला की चित्राचा रेखीवपणा जातो. क्ष-किरणांचेही तसेच आहे.

सीटी स्कॅन यंत्रात क्ष-किरणांची नळी रुग्णाभोवती फिरते. शरीरातून पलीकडे आलेले किरण मोजले जातात आणि त्यांवरून संगणक शरीराच्या आडव्या छेदाचे चित्र तयार करतो. अशी पहिली रुग्ण-तपासणी लंडनमध्ये १९७१ साली झाली. या शोधाबद्दल हाउन्सफील्ड व कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

छातीच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये सुमारे ७ मिलिसीव्हर्ट इतकी किरणांची मात्रा मिळते. धडधाकट माणसाला दरवर्षी एवढी मात्रा देणे बरे नव्हे. मग ती चौथ्या हिश्शावर आणली तर? चित्राचा दाणेदारपणा चौपट नव्हे, दुप्पट होतो. शिवाय फुफ्फुसात बहुतांशी हवाच असते. मोकळ्या आकाशात घार दिसावी, तशी भरीव गाठ तेथे उठून दिसते. म्हणून सुमारे दीड मिलिसीव्हर्टमध्ये काम भागते. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळत असतात!

या तपासणीचा उपयोग होतो का? अमेरिकेत ५३,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या व सोडलेल्या लोकांवर प्रयोग झाला. २०११ साली निष्कर्ष आला : साध्या क्ष-किरण चित्राच्या तुलनेत, कमी मात्रेच्या स्कॅनमुळे फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी घटले.

तरीही तेथील बहुसंख्य पात्र लोक तपासणीला जात नाहीत. असे का बरे?

पहिली अडचण हिशेबाची. रोज २० सिगारेटींचे पाकीट वर्षभर ओढले, तर ते एक ‘पाकीट-वर्ष’. अमेरिकेतील २०२१ च्या शिफारशीनुसार वय ५० ते ८०, धूम्रपान किमान २० पाकीट-वर्षे, आणि सवय चालू किंवा सोडून १५ वर्षांच्या आत, असा माणूस पात्र ठरतो. पण घाईत असलेला डॉक्टर एवढे विचारत नाही आणि रुग्णालाही नेमके आठवत नाही.

दुसरी अडचण मनाची. काही दुखत नसताना कशाला जायचे? ‘तुम्हीच ओढवून घेतलेत’ असे कोणी म्हणेल, ही लाजही असते. खेड्यातल्या माणसाला यंत्र दूर पडते.

तिसरी अडचण खोट्या धोक्याची. त्या प्रयोगात दर १,००० स्कॅनपैकी सुमारे २४२ मध्ये काहीतरी संशयास्पद दिसले. खरा कर्करोग त्यांतल्या जेमतेम ९ जणांना होता. बाकीच्यांना चिंता आणि पुढच्या तपासण्या. नंतर गाठीच्या आकाराचे निकष कडक केल्यावर हे प्रमाण घटले. आपल्याकडे तर बऱ्या झालेल्या क्षयाचे व्रणही गाठीसारखे दिसतात. त्यामुळे परदेशातील नियम जसेच्या तसे उचलता येत नाहीत.

मग उपाय? इंग्लंडमधील मँचेस्टर येथे २०१६ साली स्कॅन-यंत्र गाडीवर चढवून बाजारपेठेच्या वाहनतळावर नेऊन उभे केले. लोक आले आणि सापडलेले बहुतेक कर्करोग प्राथमिक अवस्थेतले निघाले. तेव्हा शस्त्रक्रियेने ते बरे होण्याची आशा मोठी असते.

मात्र लक्षात ठेवा, तपासणी म्हणजे धूम्रपानाचा परवाना नव्हे. धूम्रपान सोडण्याची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही.

आता एक गणित. ६० वर्षांच्या एका गृहस्थाने रोज १५ सिगारेटी, अशी २८ वर्षे ओढली आणि १० वर्षांपूर्वी सोडली. अमेरिकेच्या नियमाने तो पात्र ठरेल का? सांगा पाहू!