मेणाच्या नळीवरील गाणी

रशियन लोकगीत म्हटले की भरजरी पोशाखांतील गायकांचा मोठा ताफा आणि बालालायकांचा झणत्कार डोळ्यांसमोर उभा राहतो. हे चित्र खोटे नाही. परंतु ते रंगमंचाचे आहे, खेड्याचे नव्हे. या दोहोंत अंतर कसे पडले हे समजून घ्यावयाचे, तर क्रांतीनंतरच्या पहिल्या वीस वर्षांकडे वळावे लागते.

त्या काळाला एक वारसा लाभला होता. १८९७ पासून येवगेनिया लिन्योवा या विदुषी फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी हिंडू लागल्या. तोवर बहुतेक संग्राहक एखाद्या गायकाकडून चाल उतरवून घेत आणि तिच्याखाली पियानोची साथ पदरची जोडून देत. मेणाच्या नळीने मात्र वेगळेच ऐकविले. समूहातील प्रत्येक गायक मूळ चालीच्या अवतीभवती आपली स्वतंत्र वाट काढीत होता, आणि तीच चाल पुढच्या कडव्यात जशीच्या तशी येत नव्हती. सुशिक्षित कानांना जी चूक वाटली असती, तीच त्या संगीताची घडण होती.

सोव्हिएत राजवटीत हे काम लेनिनग्राडच्या तरुण संशोधकांनी पुढे नेले. तेथील कलेतिहास संस्थेने १९२६ मध्ये ओनेगा सरोवराच्या परिसरात, १९२७ मध्ये पिनेगा नदीच्या खोऱ्यात आणि १९२८ मध्ये मेझेनकाठी मोहिमा पाठविल्या. गाण्यांबरोबर घरे, लाकडावरील नक्षी, कथा असे सारेच टिपावयाचे होते. येवगेनी गिप्पियस आणि झिनाइदा एवाल्द ही जोडी या मोहिमांतली. पिनेगाला गेले तेव्हा गिप्पियस पंचविशीच्या आतच होते. नळीवर जेमतेम दोन-तीन मिनिटांचे गाणे मावे, त्यामुळे दीर्घ वीरगाथेचे तुकडेच हाती लागत. शिवाय स्वरलेखनासाठी नळी जितक्यांदा फिरवावी, तितके मेण झिजे. गाणे नीट समजून घ्यावयाचे, तर ते थोडेथोडे पुसावेच लागे!

या नळ्या भरल्या गेल्या त्या शेतीच्या सक्तीच्या सामूहिकीकरणाच्या अगदी तोंडावर. ज्या खेड्याचा आवाज त्यांत आहे, ते खेडे पुढे तसे उरले नाही. तो आवाज टिपण्याचा खर्च सोव्हिएत संस्थांनी केला, हेही त्या राजवटीच्या टीकाकारांनी मान्य करावयास हवे.

तथापि त्याच राजवटीचा दुसरा हात गाणे दुरुस्त करण्यात गुंतला होता. प्रारंभी कामगारवर्गीय संगीतकारांच्या संघटनेला जुनी ग्रामगीते मागासलेपणाचा अवशेष वाटत. १९३२ मध्ये पक्षाच्या ठरावामागोमाग ती संघटना विसर्जित झाली. १९३४ मध्ये लेखकांच्या अधिवेशनात गॉर्कींनी लोकवाङ्मयाचा गौरव केला. आणि १९३६ मध्ये तर प्राचीन वीरांची टवाळी करणारे देम्यान बेद्नी यांचे संगीतकच बंद पाडण्यात आले. कालचा अवशेष आज राष्ट्राचा ठेवा ठरला. ठेवा म्हटला की पहारा आणि रंगरंगोटी आलीच. मित्रोफान प्यात्नित्स्की यांनी १९११ मध्ये मॉस्कोच्या रंगमंचावर खरेखुरे शेतकरी गायक उभे केले होते. १९२७ मध्ये ते निवर्तले. पुढे त्या वृंदाची सूत्रे व्लादिमीर झाखारोव्ह यांच्याकडे आली आणि सामूहिक शेतीची नवी, रचलेली गाणी गाजू लागली. श्वेतसमुद्राकाठच्या मार्फा क्र्यूकोव्हा या थोर गाथागायिका. त्यांनी जुन्या वीरगाथांच्या घाटात १९३७ मध्ये लेनिनगाथा रचली. १९५३ मध्ये स्टालिन मरण पावल्यानंतर सोव्हिएत अभ्यासकांनीच अशा रचनांना कृत्रिम ठरविले.

त्याच १९३७ मध्ये गिप्पियस आणि एवाल्द यांचा पिनेगा-गीतांचा संग्रहही प्रसिद्ध झाला. लेनिनगाथेचा जेवढा गाजावाजा झाला तेवढा अशा ग्रंथाचा होणे शक्यच नव्हते. स्वरलिपीचे ग्रंथ चारचौघांच्या घरी वाचले जात नाहीत. पण पिनेगाकाठचे लोक काय गात होते, याची साक्ष प्रस्तुत लेखकाच्या मते तोच देतो. एवाल्द १९४२ मध्ये, लेनिनग्राडला वेढा पडला असताना मरण पावल्या. त्यांनी भरून आणलेल्या नळ्या आज सेंट पीटर्सबर्गच्या पुश्किन भवनातील ध्वनिसंग्रहात आहेत.