रेडिओची पोच



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गराजमध्ये मुलांच्या सायन्स फेअरनंतर खोक्यात गेलेला एखादा आर्डुइनो बोर्ड असतोच. त्याला नखाएवढं रेडिओ मॉड्यूल जोडलं, तर त्यातून गावाकडच्या माणसांच्या उपयोगाचं काहीतरी करता येतं. ते कसं, हे इथे थोडक्यात सांगतो आहोत.

महाराष्ट्रात शेतीपंपाला थ्री-फेज वीज पाळीपाळीने मिळते. बऱ्याच गावांत अजूनही रात्रीची पाळी असते. मग मळ्यातली टाकी भरली का ते बघायला कोणीतरी बॅटरी घेऊन साप-विंचवाच्या वाटेने जातं. टाकीत फ्लोट स्विच, घरात एक दिवा आणि मधे रेडिओ, एवढ्याने ती फेरी वाचू शकते.

मॉड्यूल दोन प्रकारची बघा. 'एनआरएफ२४एल०१' हे २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे वाय-फायच्याच पट्ट्यात चालतं. स्वस्त आणि झटपट, पण घर-अंगणापुरतं. मळा लांब असेल तर 'लोरा' घ्या. ते सावकाश बोलतं, पण मोकळ्या रानात काही किलोमीटर ऐकू जातं.

दोन्ही मॉड्यूलना वीज ३.३ व्होल्टच द्यायची, ५ व्होल्टला ती जळतात. लोराच्या तर सिग्नलच्या पिनांनाही ५ व्होल्ट चालत नाहीत, म्हणून बोर्डच ३.३ व्होल्टचा घेतलेला बरा. अँटेना जोडल्याशिवाय लोरा चालू करू नका.

आता सर्वात महत्त्वाचं. इथे अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टा एफसीसीच्या नियमांत राहून विनापरवाना वापरता येतो. भारतात तो पट्टा ८६५ ते ८६८ आहे, आणि ९१५ च्या लगेच खालचा भाग मोबाईल कंपन्यांकडे आहे. बऱ्याच लोरा मॉड्यूलवर '८६८/९१५' असं दोन्ही छापलेलं असतं आणि खरी फ्रिक्वेन्सी प्रोग्राममधल्या एका ओळीत ठरते. गावी न्यायच्या आधी ती ओळ बदला. वायरची अँटेना ९१५ साठी सुमारे ८.२ सेंटीमीटर लागते, ८६६ साठी ८.७.

आणि ट्रान्सीव्हरच का घ्यायचा? तो बोलतो तसा ऐकतोही. म्हणून मळ्यातल्या मॉड्यूलने दर पाच मिनिटांनी निरोप धाडायचा आणि घरातल्याने पोच द्यायची. टाकी भरली की हिरवा दिवा लावा. पण वीस मिनिटं निरोपच आला नाही, तर लाल दिवा लागलाच पाहिजे. नाहीतर मळ्यातली बॅटरी उतरलेली असते आणि घरचे समजतात की टाकी अजून भरते आहे.

पंपाच्या वायरींना मात्र हात लावायचा नाही. ते काम गावच्या वायरमनचं.

तर मंडळी, या सुट्टीत मुलांना घेऊन बसा. आधी अंगणात चालवून बघा, मग पार्कात, आणि मगच बॅगेत टाका. आजी-आजोबांसाठी यापेक्षा चांगली भेट कोणती?