टोचनाचा खर्च कोणाचा?

शेलुबाजारच्या चौकात, जुन्या नागपूर–औरंगाबाद मार्गाच्या कडेला, चहाच्या टपरीवर ज्याने काही संध्याकाळी घालविल्या आहेत, त्याला बंद पडलेला ट्रक म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. पाटा तुटला, हब तापून जाम झाला किंवा ॲक्सलने मान टाकली, की गाडी जेथे असेल तेथेच उभी राही. क्लीनर उडी मारून चाकाखाली दगड सारी, बाभळीची फांदी मोडून गाडीमागे वीस-पंचवीस पावलांवर आडवी टाकी, तिच्या आजूबाजूला धोंड्यांची ओळ मांडी, आणि मग कोणा मोटारसायकलवाल्याच्या पाठीमागे बसून मिस्त्री आणावयास गावात येई. मिस्त्रीच्या मागोमाग एखादा दुसरा ट्रक साखळी घेऊन येई, भाव ठरे, आणि ‘टोचन’ करून गाडी गावाच्या वेशीपर्यंत ओढली जाई. (हा ‘टोचन’ शब्द इंग्रजी ‘टो’ आणि ‘चेन’ यांच्या संकरातून आपल्या मिस्त्रींनीच घडविला असावा, परिभाषा समित्यांना इतका सुटसुटीत शब्द क्वचितच साधतो.) गाडी जाई, धोंडे मात्र रस्त्यावरच राहत, आणि रात्री एखाद्या सायकलस्वाराला त्यांचा प्रसाद मिळे.

समृद्धी महामार्गाने ही सारी गावठी तजवीज एका फटक्यात मोडीत काढली. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला, 5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा जोडला जाऊन 701 किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला, आणि त्यांपैकी सुमारे 97 किलोमीटर वाशिम जिल्ह्यातून जातात. परंतु या एवढ्या अंतरात चढण्या-उतरण्याची वाट कारंजा, शेलुबाजार आणि मालेगाव या तीनच ठिकाणी आहे, दोन्ही बाजूंस कुंपण आहे, आणि दुचाकी-तीनचाकी वाहनांस त्यावर मज्जाव आहे. म्हणजे शेतातून चाललेल्या मिस्त्रीला कुंपणापलीकडे रुसून उभा राहिलेला ट्रक डोळ्यांनी दिसतो, पण त्याची मोटारसायकल पथकर नाक्यावरच अडते. तेव्हा ती गाडी हलवावयाची कोणी, आणि पैसा मोजावयाचा कोणी? या प्रश्नाभोवती जे गैरसमज साचले आहेत, त्यांतील काहींचा परामर्श घेणे अगत्याचे वाटते.

‘ज्याची गाडी, त्याचा खर्च, इतरांनी त्याची तोशीस का सोसावी?’ हा समज सर्वांत रूढ आणि वरवर पाहता सर्वांत न्याय्य. त्याला कायद्याचा आधारही आहे. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 127 अन्वये रहदारीस अडथळा वा धोका उत्पन्न करणारे वाहन हलविण्याचा अधिकार पोलिसांस आहे, आणि ते ओढून नेण्याचा सर्व खर्च वाहनमालकावर पडतो. परंतु हे कलम खर्च कोणाकडून वसूल करावा एवढेच सांगते; हलविण्याचे साधन त्या घटकेला तेथे कोठून यावे, याविषयी ते मूक आहे. शिवाय, हलविण्याचा लाभ कोणास होतो, हे पाहिले की न्यायाचे पारडे दुसरीकडे झुकू लागते. मालकाच्या दृष्टीने गाडी रात्रभर मार्गिकेत उभी राहिली काय किंवा कडेला उभी राहिली काय, नुकसान जवळजवळ सारखेच. जीव जातो तो मागून येणाऱ्याचा. सपाट प्रदेशात समृद्धीवर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे, म्हणजे मोटार एका सेकंदात 33 मीटर अंतर तोडते. बाभळीची फांदी जर वीस-पंचवीस पावलांवर असेल, तर ती दिसल्यापासून ट्रकवर आदळेपर्यंत पुरता एक सेकंददेखील हाती उरत नाही. 15 ऑक्टोबर 2023 च्या मध्यरात्रीनंतर वैजापूरनजीक याच महामार्गावर, सैलानी बाबांचे दर्शन घेऊन परतणाऱ्या भाविकांचे वाहन थांबलेल्या ट्रकवर मागून आदळले आणि 12 जण दगावले. तो ट्रक थांबलेला होता, बिघडलेला नव्हता, असे कोणी म्हणेल. परंतु अंधारात मागून येणाऱ्यास हा भेद कळावा कसा? सबब टोचनाचा पैसा ट्रकवाल्यावरील मेहेरबानी नसून मागच्या मोटारीतील माणसांच्या संरक्षणाचा खर्च आहे, असे माझे मत आहे, आणि पुढील सर्व विवेचन याच मतावर उभे आहे.

दुसरा समज असा की, ‘आम्ही वाहन कर भरतो, डिझेलवर अधिभार भरतो, त्यांतच हे सारे आले.’ हा अधिभार आपल्याकडे फार जुना आहे आणि त्याच्या मुळाशी एक मराठी माणूस आहे. 1927 साली मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली, तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवर गॅलनमागे 2 आणे जादा आकारून 1929 मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. पुढे 2000 साली त्याला स्वतंत्र अधिनियमाचे अधिष्ठान मिळाले. परंतु हा निधी रस्ते व इतर पायाभूत सुविधा बांधण्यासाठी व सुधारण्यासाठी आहे, आणि राज्याचा वाहन कर तर सरळ राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जमा होतो. बंद गाडी ओढण्यासाठी म्हणून त्यांतील एकही पैसा बाजूला काढून ठेवलेला नसतो.

विम्याविषयीचा भ्रम तर हमखास खिशाला भोवणारा. मालवाहू गाडीच्या प्रचलित सर्वसमावेशक पॉलिसीत गाडी नजीकच्या दुरुस्तीखान्यापर्यंत नेण्याचा खर्च मिळतो खरा, पण तो एका अपघातामागे 2500 रुपयांच्या मर्यादेत. ‘अपघातामागे’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. यांत्रिक वा विजेचा बिघाड हा अपघात नव्हे, तो पॉलिसीतून स्पष्टपणे वगळलेला असतो. म्हणजे पाटा तुटून उभ्या राहिलेल्या गाडीला विम्याच्या या दस्तऐवजातून एक कपर्दिकही मिळावयाची नाही, आणि उलटलेल्या गाडीला जे मिळेल त्यात मोठी क्रेन नाक्यावरून निघावयासही राजी होणार नाही. जादा हप्ता भरून टोचनाची मर्यादा वाढवून घेता येते. वॉरंटीतील नव्या गाड्यांना कारखानदाराची मदतही मिळते. परंतु एकाच ट्रकवर संसार चालविणाऱ्या मालकाची गाडी बहुधा वॉरंटीबाहेरची असते.

आता पथकर. 1 एप्रिल 2025 पासूनच्या दरांप्रमाणे समृद्धीवर तीन आसांच्या मालवाहू वाहनास किलोमीटरमागे 7 रुपये 60 पैसे आणि चार ते सहा आसांच्या वाहनास 10 रुपये 93 पैसे द्यावे लागतात; म्हणजे असा एखादा लांबलचक ट्रेलर नुसता वाशिम जिल्हा ओलांडण्यासाठी सुमारे 1060 रुपये मोजतो आणि नागपूरहून आमण्यापर्यंत साडेसात हजारांवर. एवढे मोजल्यावर ‘आपली गाडी बंद पडली तर कंपनीच्या गॅरेजपर्यंत फुकट पोचविली जाईल’ असे चालकास वाटले, तर त्याला दोष देववत नाही. वस्तुस्थिती मात्र मधली आहे. पथकर घेणाऱ्या यंत्रणेवर, मग ती महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ असो की राष्ट्रीय महामार्गाचा मक्तेदार, रहदारी सुरक्षित व अखंड ठेवण्याची जबाबदारी असते, आणि त्यासाठीच गस्तीची वाहने, रुग्णवाहिका व क्रेन ठेवलेल्या असतात. ही जबाबदारी रस्त्याविषयीची आहे, गाडीविषयीची नाही. मार्गिका मोकळी झाली, गाडी सुरक्षित जागी गेली, की तिचे कर्तव्य संपले. तेथून पुढे अकोल्याच्या वा नागपूरच्या गॅरेजपर्यंतचा प्रवास, माल दुसऱ्या गाडीत भरण्याची हमाली, सोयाबीनच्या फुटलेल्या पोत्यांची भरपाई, हे सारे मालकाच्या माथी. ही सीमारेषा मला स्वतःला वाजवी वाटते. वाईट एवढेच की ती कोणी कोणास समजावून सांगत नाही, आणि मग रात्री दोन वाजता क्रेनच्या दाराशी तिच्यावरून हुज्जत चालते.

‘क्रेन आली, आकडा अडकविला आणि ओढून नेले, त्यात काय मोठेसे!’ असे म्हणणाऱ्याने एकदा हे काम उभे राहून पाहावे. मी कारंज्याजवळ एकदा पाहिले आहे. गाडीची हवा उतरली होती, आणि बघ्यांपैकी एक शहाणा सांगत होता की हवा गेली म्हणजे ब्रेक सुटले, आता नुसते ढकला. वस्तुतः प्रकार नेमका उलटा असतो: जड गाडीच्या मागच्या चाकांचे ब्रेक स्प्रिंगच्या जोराने आवळलेले राहतात आणि हवेच्या दाबाने सुटतात, हवा गेली की चाके जखडतात. म्हणून ओढणाऱ्या गाडीवरून नळी जोडून आधी हवा भरावी लागते, किंवा बोल्ट फिरवून स्प्रिंग आवळून धरावी लागते. मग मिस्त्री पोत्यावर उताणा पडून गाडीखाली सरकतो आणि प्रोपेलर शाफ्टचा जोड खोलतो, कारण इंजिन बंद असताना मागची चाके फिरत राहिली तर शाफ्ट गिअरबॉक्सला आतून फिरवीत राहतो, तेल वर चढत नाही, आणि दहा-वीस कोसांत गिअरबॉक्स जळून जातो. हे चार बोल्ट गंजलेले असले तर अर्धा तास त्यातच जातो. त्यानंतरच गाडीचे नाक उचलले जाते.

क्षमतेविषयीचाही असाच घोटाळा. समृद्धीवर 30 टनी क्रेन आहेत, आणि 2018 पासून ट्रॅक्टर-ट्रेलरचे एकूण अनुज्ञेय वजन 55 टनांपर्यंत गेले आहे. तेव्हा ‘तीसाने पंचावन्न कसे उचलावे?’ असा आक्षेप निघतो. नादुरुस्त गाडी ओढताना तिचा पुढचा भागच उचलायचा असल्याने तेथे हा आक्षेप लागू नाही. तो लागू आहे उलटलेल्या गाडीला, कारण क्रेनवर लिहिलेला आकडा हात आखडलेला असतानाचा असतो, आणि गाडी खड्ड्यात गेली की हात लांबवावा लागतो, हात लांबला की बळ झपाट्याने घटते. अशा वेळी दोन क्रेन लागतात किंवा माल आधी उतरवावा लागतो.

या सर्वांहून मूलगामी गैरसमज मात्र हिशेबाचा आहे. क्रेनचा खर्च ओढण्याच्या खेपांवर मोजावा, जितक्या गाड्या ओढल्या तितके पैसे द्यावे, म्हणजे उधळपट्टी टळेल, असे लेखनिक बुद्धीला वाटते. परंतु क्रेनचा खरा खर्च ती उभी असतानाचा आहे: चालकाचा पगार, रात्रपाळी, कर्जाचा हप्ता. नगरपालिका आगीच्या बंबाला आगींच्या संख्येवर पैसे देत नाही. तो आग नसतानाही सज्ज असावा, याचे देते. खेपेवर पैसे ठरविले की खाजगी क्रेन जेथे काम अधिक तेथे, म्हणजे शहरात जाऊन बसते, आणि आडरानात अडलेल्या चालकाला तिचा मालक फोनवरून मागेल तो भाव द्यावा लागतो. त्या कारंज्याच्या रात्री गाडी हलविण्यास जितका वेळ लागला, त्याहून अधिक वेळ घासाघिशीत गेला, आणि तेवढा वेळ ती गाडी अर्धी मार्गिकेत उभी होती.

अमेरिकेतील लॉस एंजेलिसने हा हिशेब ओळखून 1991 मध्ये महामार्गांवर फिरत्या टोचन-गाड्यांची सेवा सुरू केली. ती अडलेल्यास विनामूल्य आहे, आणि तिचा खर्च राज्याचा महामार्ग निधी व स्थानिक विक्रीकर यांतून भागविला जातो. बंदराकडे जाणाऱ्या 710 क्रमांकाच्या मार्गावर तर जड ट्रकांसाठी निराळ्या अवजड गाड्या ठेविल्या आहेत. तेथेही गाडी सुरक्षित जागेपर्यंतच नेली जाते, गॅरेजपर्यंत नाही.

आपल्याकडे नवा कर नको, नवा निधीही नको. पथकराच्या ठेक्यातच जड टोचन-गाडी किती किलोमीटरांस एक, ती किती मिनिटांत पोचावी, न पोचल्यास दंड किती, हे लिहावे. आणि सुरक्षित जागेपासून पुढचा किलोमीटरमागचा दर रुग्णवाहिकेच्या क्रमांकाइतक्याच ठळक अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत, कारंजा, शेलुबाजार व मालेगावच्या नाक्यांवर रंगवून ठेवावा. तोवर वाचकाने एवढे ध्यानात धरावे: राष्ट्रीय महामार्गावर, म्हणजे अकोला–वाशिम–हिंगोली रस्त्यावरही, मदतीचा क्रमांक 1033 आहे, समृद्धीवर नाक्याच्या पावतीवरचा वा फलकावरचा क्रमांक लावावा, आणि कोणताच न लागल्यास 112. बंद ट्रक दिसला तर, तो आपला नसला तरी, फोन करावा, आणि गाडीचा नंबर सांगण्यात वेळ न दवडता किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि गाडी नागपूरकडे जाणाऱ्या बाजूस आहे की मुंबईकडे जाणाऱ्या, एवढेच सांगावे.