प्राणिसंग्रहालयीन संवर्धनाचा पदव्युत्तर अभ्यास : दिंडोशी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

मुंबई उपनगरातील दिंडोशीची वस्ती पूर्वेकडे जेथे संपते तेथून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर सुरू होतात. सुमारे १०३ चौरस किलोमीटरच्या या वनक्षेत्रात बिबट्या मोकळा वावरतो. चित्रनगरी व आरे वसाहतीतही तो दिसतो. याच उद्यानात बोरिवलीच्या बाजूस व्याघ्र व सिंह सफारी असून बिबट्यांचे पुनर्वसन केंद्रही आहे. म्हणजे एकाच वनाच्या आश्रयाने एक बिबट्या स्वतंत्र जगतो, तर दुसरा पिंजऱ्यात आयुष्य काढतो. या दोघांचा परस्परांशी संबंध काय? पिंजऱ्यातील प्राण्याचा रानातील त्याच्या जातीला काही उपयोग होतो का? प्राणिसंग्रहालयीन संवर्धनाच्या अभ्यासाचा मूळ प्रश्न हाच होय.

प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात हा विषय बहुधा ‘बाह्यस्थानी संवर्धन’ या शीर्षकाखाली एखाद्या व्याख्यानात आटोपतो. व्याख्या, फायदे, तोटे आणि चार उदाहरणे यांपलीकडे विद्यार्थी जात नाही. प्राणी पाळणे म्हणजे संवर्धन नव्हे. योग्य नोंद, योग्य गणित, योग्य निरीक्षण आणि योग्य निर्णय यांची जोड मिळाली तरच त्यास संवर्धन म्हणता येते, हे स्पष्ट करणे आणि असा अभ्यास दिंडोशी परिसरात कसा करता येईल हे दर्शविणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कायदेशीर चौकट

भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान १८६२ साली सुरू झाले. त्या काळी अशा संस्थांचे प्रयोजन प्रदर्शन आणि करमणूक हेच होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९९१ साली दुरुस्ती होऊन प्राणिसंग्रहालयांसंबंधी स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले आणि १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय आज देशात प्राणिसंग्रहालय चालविता येत नाही. १९९८ च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणाने देशातील वन्यजीव संवर्धनाच्या प्रयत्नांस पूरक ठरणे हे या संस्थांचे प्रमुख उद्दिष्ट ठरविले. कायद्याने उद्दिष्ट बदलले. परंतु ते पार पाडण्यासाठी लागणारे प्रशिक्षित मनुष्यबळ घडविण्याचे काम विद्यापीठे व महाविद्यालये यांचे आहे.

१. नोंद : संवर्धनाचा पाया

प्रत्येक प्राण्याचे जन्मस्थान, माता-पिता, स्थलांतर, संतती व मृत्यू यांची अखंड नोंद ज्या वहीत असते तिला स्टडबुक म्हणतात. या नोंदीत खंड पडल्यास काय होते, याचे बोलके उदाहरण सिंहांचे आहे. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांत आशियाई म्हणून काळजीपूर्वक वाढविलेल्या सिंहांच्या संस्थापकांपैकी काही आफ्रिकी वंशाचे असल्याचे १९८७ साली जनुकीय अभ्यासातून उघड झाले. भारतातही चंदीगडजवळील छतबीर प्राणिसंग्रहालयात सर्कशीतून आलेल्या सिंहांमुळे संकरित प्रजा वाढली आणि अखेर तिचे प्रजनन थांबवावे लागले. हे सिंह प्रेक्षकांना प्रिय होते. परंतु गीरच्या सिंहांच्या संवर्धनात त्यांना स्थान उरले नाही. दोष त्या प्राण्यांचा नव्हता, वंशाची खातरजमा न करता जुळविलेल्या जोड्यांचा होता.

या पार्श्वभूमीवर २०२२ च्या अखेरीस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाने वाघांची जोडी देऊन जुनागढच्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयातून आशियाई सिंहांची जोडी आणली, या देवाणघेवाणीचे महत्त्व लक्षात येते. सफारीला सिंह मिळाले, एवढाच तिचा अर्थ नाही. वंश ज्ञात असलेले सिंह मिळाले, हा खरा अर्थ आहे.

२. गणित : दहा म्हणजे दहा नव्हेत

प्राधिकरणाच्या वार्षिक प्राणिसूचीत प्रत्येक जातीपुढे नर, मादी व लिंग अनिश्चित असलेले प्राणी स्वतंत्र रकान्यांत दिलेले असतात. सामान्य वाचक त्यांची बेरीज पाहतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रमाण पाहावयास हवे.

एखाद्या कळपात १ नर व ९ माद्या प्रजननक्षम आहेत असे समजू. एकूण संख्या १० झाली. परंतु नर व माद्यांच्या संख्यांचा गुणाकार करून त्याची चौपट घ्यावी आणि तिला त्यांच्या बेरजेने भागावे, या सूत्रानुसार प्रभावी संख्या केवळ ३.६ येते. ५ नर व ५ माद्या असत्या, तर ती १० आली असती. प्रत्येक पिढीत नष्ट होणारी जनुकीय विविधता ही प्रभावी संख्येच्या दुपटीने एकास भागले असता मिळते. म्हणजे दुसऱ्या कळपात दर पिढीस ५ टक्के हानी होते, तर पहिल्यात सुमारे १४ टक्के. फलकावर दोन्ही कळपांची संख्या सारखीच दिसते, मात्र भवितव्य सारखे नसते.

हे गणित कागदापुरते नाही. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातील खुरधारी प्राण्यांच्या नोंदींवर आधारित १९७९ च्या अभ्यासात १६ पैकी १५ जातींत निकटच्या नात्यातून जन्मलेल्या पिलांचा मृत्युदर अधिक आढळला. येथे हेही लक्षात घ्यावे की, हा निष्कर्ष निघाला तो जुन्या नोंदी जपून ठेवल्या होत्या म्हणूनच.

मुंबईतील उदाहरण हम्बोल्ट पेंग्विनचे घेता येईल. २०१६ साली सेऊलहून भायखळ्यास ८ पक्षी आणले गेले. त्यांपैकी एक त्याच वर्षी दगावला. १५ ऑगस्ट २०१८ रोजी जन्मलेले पहिले पिलूही काही दिवसांतच गेले. पुढे पिले वाढली आणि वसाहत रुजली. प्रेक्षकांच्या दृष्टीने हे यशच आहे. तथापि विद्यार्थ्याने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : संस्थापक पक्षी इतके मोजके असताना पुढील पिढीच्या जोड्या कशा ठरवावयाच्या आणि नवीन रक्त कोठून आणावयाचे?

३. निरीक्षण : वर्तनाची मोजदाद

पिंजऱ्यातील प्राणी एकाच रेषेत येरझारा घालतो, तेव्हा ‘तो बेचैन आहे’ असे म्हणणे सोपे असते. ते सिद्ध करणे कठीण असते. त्यासाठी वर्तनांची सूची तयार करून, ठरावीक वेळी, ठरावीक अंतराने नोंद घ्यावी लागते. जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली निरीक्षणाच्या या पद्धतींचे केलेले विवेचन आजही पायाभूत मानले जाते. खाद्य लपवून ठेवणे, चढण्यासाठी ओंडके देणे, आडोसा निर्माण करणे अशा उपायांआधी व नंतर येरझाऱ्यांचे प्रमाण किती, हे मोजल्यावरच उपाय उपयुक्त ठरला की नाही ते सांगता येते. वही, पेन्सिल, घड्याळ आणि चिकाटी एवढ्या साधनांवर हा अभ्यास होऊ शकतो.

४. निर्णय : सोडावे की ठेवावे

गिधाडांचे उदाहरण येथे मार्गदर्शक आहे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे गिधाडे मरतात, हे २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. दरम्यान बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हरियाणातील पिंजोर येथे शासनाच्या सहकार्याने गिधाडांचे प्रजनन सुरू केले होते. वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या या पक्ष्याची संख्या वाढण्यास दोन दशके लागली. २०२४ साली तेथील गिधाडे महाराष्ट्रातील ताडोबा व पेंच येथे आणण्यात आली. मृत्यूचे कारण शोधून त्यावर बंदी आणली नसती, तर पिंजऱ्यातील सर्व प्रजनन व्यर्थ ठरले असते.

बिबट्याच्या बाबतीत प्रश्न उलट दिशेने उभा राहतो. वस्तीत दिसलेला बिबट्या पकडून दूर नेऊन सोडावा, अशी मागणी दिंडोशीसारख्या भागात वारंवार होते. जुन्नर परिसरात असा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, स्थलांतर सुरू झाल्यानंतर माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी ४ वरून १७ वर गेली. म्हणजे उपायानेच अपाय वाढला. आणि जो बिबट्या सोडता येत नाही तो जन्मभर केंद्रात राहतो. भारतात बिबट्या अद्याप विस्तृत प्रदेशात टिकून असल्याने अशा प्राण्याच्या प्रजननाने जातीला विशेष लाभ नाही. तेथे कर्तव्य उरते ते कल्याणाचे. म्हणून पिंजरा लावण्याचा निर्णय हाही प्राणिसंग्रहालयीन अभ्यासाचाच भाग मानला पाहिजे.

दिंडोशी परिसरातील अभ्यासाची शक्यता

या विषयाचे उच्च शिक्षण देणाऱ्या संस्था देशात आहेत. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत १९८८ पासून वन्यजीवशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. परंतु तेथील जागा मर्यादित आहेत. उपनगरातील सर्वसामान्य महाविद्यालयाचा विद्यार्थी तेथे पोहोचेलच असे नाही. मात्र तेथील एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने २०१५ साली प्रबंधिकेसाठी याच राष्ट्रीय उद्यानात व त्याच्या परिसरात स्वयंचलित कॅमेरे लावून ३५ बिबटे ओळखले, ही बाब उद्बोधक आहे. दूरच्या संस्थेतील विद्यार्थी ज्या विषयासाठी येथे येतो, तो आपल्या विद्यार्थ्यांच्या दारात आहे.

महाराष्ट्रात २०२३-२४ पासून लागू झालेल्या पदव्युत्तर रचनेत संशोधन पद्धती, प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण आणि संशोधन प्रकल्प यांना श्रेयांक आहेत. त्यांचा उपयोग पुढीलप्रमाणे करता येईल. पहिल्या सत्रात प्राधिकरणाच्या प्राणिसूचीवरून एका जातीची प्रभावी संख्या काढावी. दुसऱ्या सत्रातील कार्यप्रशिक्षणात भायखळा अथवा बोरिवली येथे, संबंधित अधिकाऱ्यांच्या अनुमतीने, वर्तननिरीक्षण करावे. पुढील प्रकल्पात दिंडोशीतील रहिवाशांची बिबट्याविषयीची समजूत, कचऱ्याचे व्यवस्थापन आणि भटक्या कुत्र्यांचा वावर यांचा अभ्यास करावा. त्यासाठी वनात पाऊल टाकण्याचीही गरज नाही. गोरेगावातच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संवर्धन शिक्षण केंद्र आहे आणि आरे वसाहतीत मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा परिसर आहे. त्यांच्याशी शैक्षणिक सहकार्य साधणे कठीण नाही.

निष्कर्ष

प्राणिसंग्रहालय असावे की नसावे, हा वाद विद्यार्थ्यांना आकर्षित करतो. पण तो तत्त्वाच्या पातळीवरच अडकून राहतो. अभ्यासकाने प्रत्येक पिंजऱ्यापुढे चार प्रश्न विचारावेत : या प्राण्याची वंशनोंद आहे का? त्याच्या जोडीदाराची निवड कोणत्या हिशेबाने झाली? त्याचा दिवस कसा जातो, हे कोणी मोजले आहे का? आणि त्याच्या जातीवरील मूळ संकट रानात दूर होत आहे का? चारही उत्तरे होकारार्थी व समाधानकारक असतील तेथे संवर्धन होत आहे, असे म्हणता येईल. अन्यत्र केवळ प्राणी ठेवलेले आहेत. हा भेद ओळखणारे पदवीधर निर्माण होणे ही दिंडोशीसारख्या, जंगलाच्या कुशीत वसलेल्या वस्तीची तातडीची गरज आहे. कारण पुढचा पिंजरा लावावा की नाही, हा प्रश्न तेथे केव्हाही उभा राहू शकतो.