तेजी : कापसाची आणि कूटचलनाची

मोंढ्यात ज्याची उठबस आहे त्याला तेजी म्हणजे काय हे सांगावयास नको. पीक कमी आले, मागणी वाढली, भाव चढला. परंतु बिटकॉइनचा भाव चढल्याची वार्ता ऐकून जो नोकरदार वा दुकानदार आपली पहिली पुंजी त्यात घालू पाहतो, त्याने ही समजूत जशीच्या तशी तेथे नेऊ नये. ती निम्मीच उपयोगी पडते.

बिटकॉइन हे कोणत्याही सरकारने पाडलेले नाणे नव्हे. असंख्य संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या सामाईक खतावणीतील ती एक नोंद होय. अशी नाणी एकूण २ कोटी १० लाखांहून अधिक व्हावयाची नाहीत, असा नियमच आहे. सुमारे दर दहा मिनिटांनी नवी नाणी निघतात आणि साधारण चार वर्षांनी त्यांची संख्या निम्मी होते. एप्रिल २०२४ मध्ये ती सव्वासहावरून सव्वातीनच्याही आत आली. पुरवठा असा बांधलेला असल्यावर मागणी वाढताच भाव उसळतो, हे मोंढ्यासारखेच झाले.

भेद पुढे आहे. कापसाच्या मागे गिरणी असते. भाव फार उतरला की गिरणीवाला खरेदीला येतो. बिटकॉइनला गिरणी नाही. ते घेणारा बहुधा उद्या दुसरा कोणी अधिक देईल म्हणूनच घेतो. म्हणून उतरता भाव कोठे थांबेल हे कोणालाच सांगता येत नाही.

अर्थात गिरणी असूनही फसगत होते, हे मुंबईने पाहिले आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरला तिकडचा कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. येथवर तेजी खरी होती. पण तो पैसा कंपन्यांच्या शेअरांत शिरला. समुद्र हटवून जमीन करावयास निघालेल्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. समुद्र मात्र होता तेथेच होता! एप्रिल १८६५ मध्ये युद्ध आवरले, कापूस कोसळला आणि १ जुलै रोजी वायद्याचे सौदे पुरे करण्याची वेळ आली तेव्हा भल्याभल्यांनी हात वर केले. खुद्द प्रेमचंद रायचंद बुडाले. त्यांच्या देणगीतून झालेला राजाबाई टॉवर अजून उभा आहे, हे त्यातल्या त्यात बरे.

आता थोडे गणित. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६९,००० डॉलरांच्या घरात होते. वर्षभरात ते १६,००० वर आले. म्हणजे शंभराचे तेवीस झाले. नवशिक्यास वाटते, सत्त्याहत्तर टक्के गेले, तितकेच टक्के चढले की भरपाई. तसे नव्हे, तेवीसाचे शंभर व्हावयास चौपटीहून अधिक वाढ लागते. ती झाली, पण मार्च २०२४ मध्ये. ज्याचा पैसा मोकळा होता तो तोवर थांबला. ज्याने कर्ज काढले होते किंवा मुलीच्या फीचे पैसे गुंतवले होते, त्याला मध्येच विकावे लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये भाव सव्वा लाखापलीकडे गेला आणि पुढच्याच महिन्यात नव्वद हजारांखाली उतरला.

तेजीत आणखी एक प्राणी बाजारात हिंडू लागतो : ठरावीक व्याज देणारा. ‘गेनबिटकॉइन’ या योजनेत अठरा महिने दरमहा दहा टक्क्यांचे आश्वासन होते; २०१८ साली पुणे पोलिसांनी तिच्या चालकास अटक केली. ज्या वस्तूचा उद्याचा भाव कोणास ठाऊक नाही, तिच्यावर दरमहा दहा टक्के कोठून येणार, हा प्रश्न पैसे देण्यापूर्वीच विचारावयाचा असतो.

सरकारी हिशेबही समजून घ्या. १ एप्रिल २०२२ पासून या नफ्यावर तीस टक्के कर आहे आणि एका नाण्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. एकात दहा हजार मिळाले आणि त्याच वर्षी दुसऱ्यात दहा हजार गेले, तर हाती शून्य. पण तीन हजारांचा कर, उपकरासह, भरावाच लागतो.